मोठ्या मुलींचा चहा

वाचकहो, आता मी जे निवेदन करणार आहे त्यात कोणी थोर पुरुष नाही, कोणी शूर स्त्री नाही, आणि मरणही नाही. मुलींच्या एका वसतिगृहाच्या भटारखान्यात एका स्वयंपाक्याच्या हातून अकरा वर्षे एक चूक घडत गेली, ती त्याला कशी उमगली आणि ती निस्तरताना त्याची कशी त्रेधातिरपीट उडाली, एवढाच या कथेचा विषय आहे. तो स्वयंपाकी मीच. माझे शिक्षण सातवीपर्यंत. त्यापुढचे जे काही आले ते पाव गुंडाळून येणाऱ्या वर्तमानपत्रांतून आणि मुलींनी वर्षाअखेर टाकून दिलेल्या पुस्तकांतून आले. तेव्हा भाषेत कोठे मीठ जास्त पडले असल्यास सांभाळून घ्यावे.

"मामा, अकरा दिवस!" वाढपाच्या खिडकीतून आत डोके घालून ती मुलगी ओरडली. "आज धरून अकरा!"

ही सातवीतली. वादात कोणालाही हार जात नसल्यामुळे सारे वसतिगृह तिला वकील म्हणते.

"कसले अकरा दिवस गं? निकालाचे?" मी अजाणपणाचा आव आणला.

"निकाल लागेल तेव्हा लागेल. चहाचे! विसरलात की काय? मी पाचवीत होते तेव्हा तुम्ही शब्द दिलाय. तारीख लिहून ठेवलीय मी."

"बरं बाई, आधी हातातला पेला संपव. तळाशी साय ठेवतेस, आणि घासताना भांडीवाल्या मावशी माझ्या नावाने बोटं मोडतात."

"बघा, बाई म्हणालात! म्हणजे सुरुवात झालीच!" तिने पेला एका दमात रिता केला आणि ओठांवरच्या पांढऱ्या मिशीसकट ती पळाली.

या चहाचे प्रकरण येथे खुलासेवार सांगणे भाग आहे. आमच्या वसतिगृहात पाचवी ते दहावीच्या मुली राहतात. पाचवी, सहावी आणि सातवीच्या मुलींना सकाळ-संध्याकाळ स्टीलच्या पेल्यातून दूध मिळत असे. आमच्या शाळेत नवे वर्ग उन्हाळी सुट्टीआधीच भरतात; आठवीचा वर्ग सुरू झाला की पहिल्या सकाळी मी वरच्या फळीवरचे निळ्या काठाचे चिनी मातीचे कप काढत असे. त्या दिवशी प्रत्येक मुलीच्या कपात चहा मी स्वतः ओतायचो, दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरायचो आणि म्हणायचो, "या, बसा. आपला चहा." कालपर्यंत जिला मी ‘ए चिमणे’ म्हणून हाकारले, तिला त्या घटकेपासून ‘अहो’ म्हणायचे, असा माझा नेम. त्याच घटकेपासून तिच्या नावचे दूध बंद.

हा नियम कोणा वरिष्ठाने घालून दिलेला नव्हता; तो सर्वस्वी माझ्या डोक्यातून निघाला होता. मुलींनी त्यात आपली भर घातली. पहिल्या घोटाला कोणी हसायचे नाही, आणि जिची जीभ भाजेल ती त्या वर्षी पहिली येणार, असे त्यांचे शास्त्र होते. मोठ्या मुली सुट्टीवरून परत आल्या की आधी भटारखान्यात डोकावत. माझ्या पोटाच्या आकारावरून त्यांनी मला ‘पातेलेमामा’ हे नाव दिले आहे, आणि ते मला पदवीसारखे वाटते. मला मूलबाळ नाही. तात्पर्य, त्या चहाने मी त्यांचा कोणीतरी झालो होतो.

वकिलाच्या हिशेबाने आठ दिवस उरले असताना डॉक्टरीणबाई आल्या. त्या सहा महिन्यांतून एकदा मुलींना तपासावयास येतात. दवाखान्याच्या खोलीत रंगकाम चालू होते, म्हणून जेवणघरातच त्यांचे टेबल मांडले. उंची, वजन, डोळे झाल्यावर त्या प्रत्येकीला विचारीत होत्या, "काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लंस?" मी पलीकडे डाळ निवडीत बसलो होतो. माझ्या स्वयंपाकाची परीक्षा चालली आहे आणि मी पहिल्या वर्गात उत्तीर्ण होणार, अशा समाधानात होतो.

नववीतली एक मुलगी डाव्या हाताला प्लास्टर घालून समोर उभी राहिली. उंचीमुळे हिला शिडी म्हणतात. चेंडूच्या मागे धावताना पाय घसरून पडली आणि मनगट मोडून बसली होती.

"काल? चहा-पाव. मग डाळ-भात. मग चहा. मग भात-डाळ," शिडी म्हणाली.

"दूध?"

"इश्श! मी नववीत आहे."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले, मागच्या मुलींची पाने उलटली आणि मला हाक मारली.

"मामा, लहान मुलींचं खाणं उत्तम आहे. पण आठवीपासून पुढे दूध नाही, दही नाही, पालेभाजी ताटात उरते. यांचं दूध कोणी बंद केलं?"

"मीच," मी छाती पुढे काढून सांगितले. "मोठ्या झाल्या ना त्या. आता काय दूधपित्या आहेत?"

त्यांनी पेन खाली ठेवले. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या अगदी सावकाश बोलल्या. "मामा, घर बांधताना सिमेंट जास्त केव्हा लागतं? भिंती चढताना की रंग देताना?"

"भिंती चढताना."

"या पोरींच्या भिंती आत्ता चढतायत. दहा-अकरापासून सतरा-अठरापर्यंत. हाडांना कॅल्शियम लागतं, आणि या वर्षांत ते जेवढं भरून घेतलं जाईल त्याच्यावर पुढचा जन्म काढायचा असतो. तुम्ही नेमकं आठवीच्या पहिल्या दिवशी गवंड्याचं सिमेंट बंद करता."

मी डाळीचे ताट खाली ठेवले. "म्हणजे या पोरीचा हात... माझ्या चहाने?"

"नाही, तसं मी म्हणणार नाही. या वयात हात मोडतात, दूध पिणाऱ्या पोरींचेही मोडतात. चहा म्हणजे काही विष नव्हे. पण त्याने दुधाची जागा बळकावली. आणि नुकसान आज दिसायचं नाही. साठीत दिसेल, पाठीत."

शिडी प्लास्टरच्या कडेतून पेन्सिल घालून हात खाजवीत उभी होती. ती म्हणाली, "मामांना काही बोलू नका हं. मी पडले, म्हणून मोडला."

डॉक्टरीणबाई गेल्यावर भांडीवाल्या मावशींनी हातातला काथ्या आपटला. त्या माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील; पण बोलण्यात माझ्या आजेसासूबाई शोभतात.

"अकरा वर्षं! हौसेने मिरवत होतात, या बसा, आपला चहा. हात दाखवून अवलक्षण!"

"तुम्ही तरी कधी बोललात?"

"मी काय बोलू? मला वाटलं, सातवी शिकलेला माणूस आहे, काहीतरी माहिती असेल."

मी डाळीचे ताट उचलून आत गेलो.

त्या दुपारी मी घरी गेलो. घरी मी आणि माझी थोरली बहीण, दोघेच राहतो. तिला मी आक्का म्हणतो. वय सहासष्ट. अंगणात ती वाळत घातलेले कपडे काढीत होती. आमची कपड्यांची दोरी मी गेल्या तीन वर्षांत दोनदा खाली बांधली आहे, कारण आक्काचा हात पोहोचत नाही. पाठ वाकली आहे. मान वर करून बोलताना तिला भिंतीचा आधार घ्यावा लागतो. त्या दिवशी तिने एक टॉवेल ओढला आणि तो तिच्या डोक्यावर पडला. ती त्याच्या आतून हसली. मी मात्र तिची पाठ पाहत होतो. साठीत दिसेल, पाठीत.

"आक्के," मी विचारले, "तू दूध कधी सोडलंस गं?"

"हे काय मधेच?" टॉवेल बाजूला करीत ती म्हणाली. "सोडलं कुठं? सुटलं. मी बारा-तेराची असेन. आईने एक दिवस पेल्याऐवजी कप दिला हातात. म्हणाली, आता तू मोठी झालीस, चहा घे. दूध धाकट्याला. धाकटा म्हणजे तू."

"तुला वाईट नाही वाटलं?"

"वाईट? अरे, मला आकाश ठेंगणं झालं होतं! बशीत ओतला, फुंकला, आईसारखा फुर्रकन आवाज काढून प्यायले. तू पाच वर्षांचा, कोपऱ्यात पेला घेऊन बसला होतास. मला पण कप पाहिजे म्हणून भोकाड पसरलंस. आठवतं?"

आठवले. मला चहा हवा होता असे नव्हे. आक्काच्या चेहऱ्यावर त्या सकाळी जे तेज आले होते ते मला हवे होते. तेच तेज मी अकरा वर्षे दुसऱ्यांच्या मुलींच्या चेहऱ्यांवर पाहत आलो, आणि ते मी कोठून उचलले हे माझे मलाच ठाऊक नव्हते. आईने कसलाही दुष्टावा केला नव्हता. तिने प्रेमानेच कप दिला होता. मीही प्रेमानेच दिले होते. प्रेमाने केलेली चूक निस्तरणे फार जड जाते, कारण तिच्या बाजूने बोलणारे साक्षीदार फार असतात.

मी आक्काला डॉक्टरीणबाईंचे बोलणे सांगितले. तिने टॉवेलची नीट घडी घातली.

"मग चहा बंद कर की. त्यात एवढं तोंड पाडण्यासारखं काय आहे?"

"शब्द दिलाय गं. तेवीस पोरी वाट बघतायत. त्यातली एक तर दिवस मोजतेय. चहा नाही म्हटलं तर माझं तोंड बघणार नाहीत."

"नाही बघितलं तर नाही. ज्यांचं तोंड बघायचं त्यांच्या पाठी बघ आधी." मग ती म्हणाली, "माझं सांग हवं तर त्यांना. मला कसली लाज? पण रडगाणं गाऊ नकोस. मला काही झालेलं नाही. मला फक्त दोरी लांब पडते."

दुसऱ्या दिवशी मी रेक्टरबाईंकडे गेलो. वसतिगृहाचा सर्व कारभार त्या पाहतात. मोठ्या मुलींसाठीही दूध सुरू करावे, अशी विनंती मी उभ्याउभ्याच केली.

"मामा, मोठ्या मुली दूध घेत नाहीत, हे मला तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

"मीच सांगितलं होतं. आज मीच उलटं सांगतोय."

त्यांनी दूधवाल्यास रोज दोन कॅन वाढवून आणण्याची चिठ्ठी दिली. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला कागदही त्यांनी माझ्या हवाली केला. दही, ताक, हिरव्या पालेभाज्या, तीळ, काट्यांसकट खाता येणारी बारीक मासळी, हे सारे त्यात होते. मावशी तो कागद माझ्याकडून वाचून घेऊन म्हणाल्या, "म्हणजे दुधाची तहान ताकावर भागते म्हणायची!"

"भागते. त्यातही तेच असतं."

"मग उगाच नावं ठेवतात लोक."

दही मी त्याच दुपारपासून लावू लागलो, आणि पालेभाजी चिरून डाळीत मिसळू लागलो, म्हणजे ती ताटाच्या कडेला ढकलून ठेवणे अवघड व्हावे. परंतु खरा पेच तसाच उभा होता. वकील रोज खिडकीशी येई. "सहा!" "पाच!" मी पातेल्यात डोके खुपसून राही. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, "मामा, तुम्ही माझ्याशी बोलत का नाही?" मी म्हणालो, डोळ्यांत कांदा गेला. त्या दिवशी कांदा नव्हता.

अखेर ती सकाळ उजाडली. मी कॅनमधले दूध तापवून मोठ्या पातेल्यात ठेवले. फळीवरून कप काढावेत की पेलेच मांडावेत, हे मला ठरवता येईना.

"कपच काढा," मावशी म्हणाल्या.

"कपात दूध? फसवल्यासारखं नाही का होणार?"

"फसवायचं कशाला? तोंडाने दूधच म्हणा. मान कपाचा आहे, चहाचा नाही."

तेवीस मुली रांगेत उभ्या राहिल्या. केस घट्ट विंचरलेले, बूट चकचकीत. वकील सर्वांत पुढे होती. खिडकीशी येताच तिचे नाक वर झाले.

"मामा, वास चहाचा नाही."

"नाही."

तिने पातेल्यात वाकून पाहिले. "हे दूध आहे."

"होय."

"तुम्ही शब्द दिला होता." तिचा आवाज नेहमीसारखा चढला नाही, आणि तेच मला सोसवेना. "तायांना दिलात. सगळ्यांना दिलात. आमच्याच वेळी का?"

मी पळी खाली ठेवली. मोठे भाषण पाठ केले होते. त्यातले एक अक्षर आठवेना. तेव्हा आक्काचे सांगितले. बारा-तेराव्या वर्षी तिला कप कसा मिळाला, तिला किती आनंद झाला, तिचे दूध कोण प्याले, आणि आज आमच्या अंगणातली दोरी किती खाली बांधली आहे. हाताने उंची दाखवली. तेवीस जणींनी त्या हाताकडे पाहिले. ती दोरी त्यांच्या खांद्याइतकीच होती.

"डॉक्टरीणबाई म्हणतात ते मला आधी ठाऊक नव्हतं," मी म्हणालो. "ठाऊक झाल्यावरही दिला, तर तो लबाडपणा होईल. तुमच्या तायांच्या बाबतीत मी चुकलो. तुमच्या बाबतीत कळून-सवरून चुकू का, ते तुम्हीच सांगा."

मागून कोणीतरी हळूच म्हणाले, "म्हणजे आम्ही मोठ्या नाहीच झालो?"

"झालात. ते खरं आहे. चहाचं तेवढं चुकलं होतं. आणि चहासुद्धा कायमचा बंद नाही. सुट्टीच्या दिवशी एक कप, दूध पोटात गेल्यावर."

वकिलाने हात वर करून रांग थांबवली आणि मागे वळली. मुलींचे गोल कडे झाले, कुजबूज झाली. एकीने डोळे पुसले. एक म्हणाली, "मला नाही आवडत बाई साय," तिला दोघींनी गप्प केले. मावशी माझ्या कानाशी पुटपुटल्या, "फाशी होते की जन्मठेप, बघा आता."

वकील परत आली. "आमच्या अटी आहेत."

"सांग. नाही, सांगा."

हा ‘सांगा’ ऐकताच तिचा चेहरा क्षणभर हलला. पण तिने तो आवरला. "एक, कप निळेच. पेले चालणार नाहीत. दोन, अहो म्हणायचं, आजपासून, न विसरता. तीन, साय गाळून. चार, तुम्ही आमच्याबरोबर बसून कपभर दूध प्यायचं."

"मी? या वयात?"

"तुमच्या आक्कांच्या वाट्याचं प्यालात तेव्हा वय नाही काढलंत."

मावशींनी तोंडाला पदर लावला. मी पळी उचलली. पहिला कप भरला, दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. "या, बसा. आपलं दूध."

अशी तेवीस वेळा पळी बुडाली. शेवटी मी बाकाच्या टोकाला बसलो आणि माझा कप तोंडाला लावला. गाळूनही एक सायीचा धागा राहिला होता. तो माझ्या मिशीला चिकटला. तेवीस जणी पाहत होत्या. पहिल्या घोटाला हसायचे नाही, हा त्यांचा नियम. त्यांनी तो पाळला. पण कित्येकींचे खांदे हलत होते.

त्यानंतर नववी-दहावीच्या टेबलांकडे जाणे अधिक कठीण गेले, कारण तेथे शब्द मोडायचा नव्हता, चूक कबूल करायची होती. मी प्रत्येक टेबलाशी उभा राहून तेच सांगितले. बऱ्याच जणींनी चहाचा कप बाजूला सारला. दहावीतली एक म्हणाली, "मला दुधाने पोट बिघडतं, मामा." तिच्यासाठी दही होते. एकीने विचारले, "जाड होऊ का?" मी माझ्या पोटावर हात ठेवून सांगितले, "अहो, हे दुधाने झालेलं नाही. हे चव बघून बघून झालंय."

शिडीने मात्र आपला कप प्लास्टरच्या हाताआड दडवला.

"माझा चहा न्यायचा नाही हं, मामा. तो तुम्ही मला दिलाय."

"अहो, पण हाताकडे बघा."

"हात बरा होतोय. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. पण हा मला सोडवत नाही. आठवीत घरची आठवण यायची तेव्हा सकाळी एवढाच तर होता."

 दुपारी तिच्या ताटात दह्याची वाटी ठेवली. तिने ती खाल्ली की शेजारणीस दिली, हे मी मुद्दामच पाहिले नाही.

काम उरकून घरी पोहोचलो तेव्हा आक्का पायरीवर ऊन खात बसली होती. माझी चाहूल लागताच तिने भिंतीला हात लावून मान वर केली.

"प्यायल्या का रे पोरी?"

"प्यायल्या."

"सगळ्या?"

"एक सोडून."

"एखादी असतेच," ती म्हणाली. मग तिने बोटांवर बहुधा आपली दुधाविना गेलेली वर्षे मोजायला घेतली आणि सोडून दिली. "बरं झालं. आता माझा चहा टाक. कडक."

मी आत गेलो. डॉक्टरीणबाईंनी मला निघताना सांगितले होते की म्हातारपणी भिंत वाढत नसली तरी ढासळू द्यायची नसते. मी पातेलीत दूधच ठेवले, भरपूर, आणि चहाची पूड चिमूटभर, केवळ नावाला. कप आक्काच्या हातात दिला. तिने त्याचा रंग पाहिला. मग माझ्याकडे पाहिले. मी दोरीवरचे कपडे काढण्याच्या निमित्ताने पाठ फिरवली. मागे आधी फुंकर ऐकू आली, मग घोट. आणि शेवटी रिकामा कप पायरीवर ठेवल्याचा आवाज.

वाचकहो, हातातले काम बाजूला सारून एका स्वयंपाक्याचे एवढे बोलणे आपण ऐकून घेतलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. चुलीवर काही ठेवले असल्यास आता पाहून घ्यावे.

आपला नम्र,
वसतिगृहाचा स्वयंपाकी,
पातेलेमामा